खुर्चीच्या चाकाखाली ९२ किलो

गेल्या रविवारी रात्री आमची रेसची साइडकार, म्हणजे बाजूला पाट आणि तिसरं चाक असलेली मोटरसायकल, पहिल्यांदा तीन वजनकाट्यांवर उभी केली. पुढच्या चाकाखाली १४२ किलो, मागच्या चाकाखाली १३८ आणि खुर्चीच्या, म्हणजे बाजूच्या पाटाच्या, चाकाखाली ९२. एकूण ३७२. ड्रायव्हर गुडघ्यांवर बसून छाती इंजिनावरच्या गादीला टेकवून होता, पॅसेंजर त्याच्या शेजारी ओणवी, टाकीत निम्मं पेट्रोल. मग मी पॅसेंजरला म्हटलं, आता उजवीकडे जा. ती ड्रायव्हरच्या पाठीमागून मागच्या चाकावर आडवी झाली आणि खुर्चीचा काटा ९२ वरून ६० वर आला. मग डावीकडे. ती अर्धीअधिक बाहेर लोंबली, खांदा जमिनीपासून वीतभर उरला, आणि काटा १२८ वर जाऊन थांबला.

ते तीन आकडे मी खडूने भिंतीवर लिहिले: ६०, ९२, १२८. दोन हिवाळे आम्ही जे कापलं, वाकवलं, जोडलं, ते सगळं या तीन आकड्यांत उतरलेलं होतं. दोघं निघून गेल्यावरही मी बराच वेळ शेडमध्ये थांबलो. इतका आनंद मला नोकरीतल्या कुठल्याही कामाने दिलेला नाही.

ज्यांनी अशी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे साइडकार म्हटलं की बजाजच्या स्कूटरला जोडलेला पत्र्याचा डबा आठवतो. कोल्हापूरला आमच्या गल्लीत एका मास्तरांकडे तशी होती. पुढे मुलगा उभा, डब्यात मास्तरीणबाई आणि मांडीवर धाकटी. रेसच्या साइडकारमध्ये डबा नसतो, बसायला जागाच नसते. मोटरसायकलच्या बाजूला एक सपाट पाट, पाटाच्या कडेला तिसरं चाक, आणि पाटावर एक माणूस, जो प्रत्येक वळणाला जागा बदलतो. इंग्लंडात रेसवाले या बाजूच्या भागाला अजूनही ‘चेअर’ म्हणतात. मी कोल्हापूरच्या आबांशी फोनवर बोलताना खुर्ची म्हणायला लागलो, आता शेडमध्येही तोंडात तेच येतं.

आमची गाडी एफ-टू प्रकारातली, म्हणजे धाकटी. मोठ्या एफ-वनमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या मागे असतं आणि गाडी लांबलचक असते. एफ-टू आखूड: ६०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन ड्रायव्हरच्या छातीखाली, नळ्यांची चौकट, १३ इंची चाकं आणि त्यांवर मोटारीसारखे चपटे, खाचा नसलेले स्लिक टायर. टायर चपटे, कारण ही गाडी वळणात कलत नाही. साधी मोटरसायकल कलून तोल सांभाळते. इथे कलण्याचं काम पॅसेंजर करतो. आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) या रेसमध्ये १९९० पासून याच धाकट्या गाड्या धावतात. २०२३ साली बेन आणि टॉम बर्चल या भावांनी तिथली ६०.७ किलोमीटरची फेरी १२०.६४५ मैलांच्या सरासरीने मारली. ताशी १९४ किलोमीटर, तेही गावातल्या रस्त्यांवरून, दगडी भिंतींच्या मधून. त्या वर्षाआधी तिथे कुठल्याच साइडकारने १२० मैलांची सरासरी गाठली नव्हती.

आता ते तीन आकडे. आमच्या गाडीत मागचं चाक आणि खुर्चीचं चाक यांत बरोबर एक मीटर अंतर आहे. सरळ रस्त्यावर ३७२ पैकी ९२ किलो खुर्चीवर, म्हणजे गुरुत्वमध्य मोटरसायकलच्या रेषेपासून सुमारे २५ सेंटीमीटर डावीकडे. पॅसेंजर बाहेर लोंबली की तो ३४ सेंटीमीटरवर जातो. गुरुत्वमध्याची उंची ३५ सेंटीमीटर धरली, तर डाव्या वळणात खुर्चीचं चाक उचललं जायला पहिल्या स्थितीत ०.७ जी (म्हणजे वजनाच्या ०.७ पट आडवा जोर) पुरतात, दुसऱ्या स्थितीत ०.९८ लागतात. वेगाच्या भाषेत सांगायचं तर त्याच वळणात १८ टक्के जास्त. हे १८ टक्के इंजिनाने मिळत नाहीत. लेदर सूट आणि हेल्मेटसकट ६५ किलोंची एक बाई दोन हातांच्या पकडीवर स्वतःला बाहेर झोकून देते, त्यातून ते येतात.

म्हणून मला ही गाडी इतर कुठल्याही गाडीपेक्षा जास्त आवडते. यात माणूस हा गाडीचा सुटा भाग आहे, हलणारा, विचार करणारा. पॅसेंजरचं हे महत्त्व पहिल्यापासूनचं. १९२३ साली टीटीत साइडकारची पहिली रेस झाली, ती फ्रेडी डिक्सनने डग्लस मोटरसायकलवर जिंकली. त्याची खुर्ची कलती होती, आणि ती कलवायचा दांडा त्याचा पॅसेंजर वॉल्टर डेनी याच्या हातात होता. १९४९ मध्ये जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिला विजेता एरिक ऑलिव्हर, आणि त्याच्या खुर्चीत डेनिस जेन्किन्सन, जो पुढे पत्रकार म्हणून नावाजला आणि १९५५ च्या मिले मिलिया या इटलीतल्या मोटारींच्या रेसमध्ये ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसला कागदाच्या गुंडाळीवरून रस्ता सांगत होता. १९५४ च्या टीटीत जाक द्रियॉंच्या खुर्चीत इंगे स्टॉल होती, टीटीत उतरलेली पहिली बाई. ही नावं मी आमच्या पॅसेंजरला सांगितली तेव्हा तिने इंगे स्टॉलचा फोटो शोधून शेडच्या दाराला चिकटवला.

शेड माझी नाही. इंग्लंडात डर्बीला आमच्या मागच्या रस्त्यावर एक निवृत्त टूलमेकर राहतात, मी त्यांना मनात काकाच म्हणतो. ड्रायव्हर त्यांचा पुतण्या, पॅसेंजर पुतण्याची बायको. मी दिवसा गिअरबॉक्सची ड्रॉइंग करतो. तीन वर्षांपूर्वी काकांच्या उघड्या दारातून लेथचा आवाज आला म्हणून आत डोकावलो, तेव्हापासून शनिवार-रविवार तिथेच. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आबांचा वर्कशॉप होता; दोन लेथ, एक शेपर, एक पिलर ड्रिल. कटिंग ऑइलचा वास आला की पाय आपोआप वळतात.

चौकटीची पहिली फेरी माझ्या चुकीने वाया गेली, आणि ती चूक सविस्तर सांगायला हवी, कारण घरी चौकट बनवणारा प्रत्येक जण ती एकदा तरी करतो. मुख्य नळ्या जिगवर, म्हणजे त्या जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यावर, बांधल्या, वेल्डचे टाके मारले, सगळं गुणियात होतं. मग मी उत्साहात खुर्चीकडच्या बाजूचे सांधे एका दमात पूर्ण वेल्ड करून टाकले. थंड झाल्यावर जिगचे बोल्ट सोडले तर पाट पुढून सात मिलीमीटर वर. मोटरसायकलच्या चौकटीत डावी-उजवी बाजू सारखी असते, एकीकडची ओढ दुसरीकडच्या ओढीने बरीचशी फिटते. इथे एका बाजूला दीड मीटरचा पाट आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ओढ फिटायला जागाच नाही.

त्या रात्री आबांना व्हिडिओवर चौकट दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

“आरं, एका अंगाला सगळी झाळ मारलीस व्हय?”

“हो आबा. टाके चांगले धरले होते, म्हणून वाटलं...”

“लोखंड तापलं की ओढतंय लेका. एक टाका हिकडं, एक तिकडं. मधी चहा पिऊन यायचं. जॉब गार झाल्याबिगर दुसरा हात लावायचा न्हाई.”

पुढे अगदी तसंच केलं. सगळे सांधे टाक्यांवर, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन-दोन इंच, मग थांबायचं, हात लावून पाहायचं. एका दिवसाचं काम पाच शनिवार पुरलं. दुसरी चौकट जिगवरून सुटली तेव्हा फरक एक मिलीमीटरच्याही आत होता. काकांनी काही न बोलता हातातली मोजपट्टी मला देऊन टाकली. ती आता घरी माझ्या टेबलावर आहे. पुढच्या लिंकसाठी लागणारे फॉस्फर ब्राँझचे बुश आबांनी स्वतः त्यांच्या जुन्या लेथवर काढले, वय ७४, आणि इकडे येणाऱ्या मामेभावाबरोबर पाठवले. मी ड्रॉइंगवर दिलेल्या मापात ते तंतोतंत बसले.

सगळ्यात जास्त वेळ मात्र चौकटीला नाही, पॅसेंजरच्या मुठींना लागला. पाटावर चार-पाच ठिकाणी नळीच्या पकडी असतात. कुठल्याही पुस्तकात त्यांचं माप मिळत नाही, कारण ते त्या माणसाच्या हाताच्या लांबीवर, कमरेच्या वळण्यावर, कुठला गुडघा आधी टेकतो यावर ठरतं. दुसऱ्याच्या गाडीवरून माप उचललं की पकड हमखास चुकीच्या जागी येते. आम्ही आधी लाकडी दांडके क्लॅम्पने चौकटीला धरून ठेवले. पॅसेंजर पूर्ण सूट घालून, हेल्मेट चढवून पाटावर. काका समोर उभे राहून हाताने वळण दाखवायचे: उजवं, सरळ, डावं, परत उजवं. मी बाजूला बसून ती कुठे चाचपडते ते बघायचो. हात जिथे आपोआप जातो तिथे पकड हवी. जिथे तिला बघावं लागतं ती जागा चुकलेली.

तीन रविवार हेच चाललं. पहिल्या दिवशी ती उजवीकडून डावीकडे जाताना हवेत एक क्षण दोन्ही हात सुटे राहत होते. तो क्षण फोनवर चित्रित करून हळू लावून पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. ताशी दीडशे किलोमीटरला त्या क्षणात एक खड्डा आला तर? मग नियम केला: कुठल्याही हालचालीत एक हात कायम पकडलेला, आणि तो सुटायच्या आधी दुसरा पोचलेला. त्यासाठी मधली पकड, जी आमच्या आराखड्यात नव्हतीच, इंजिनाच्या मागे आडवी घालावी लागली. नळी २५ मिलीमीटरची घेतली होती; हातमोज्यासकट तिची मूठ पूर्ण मिटत नव्हती, म्हणून २२ ची केली. माझ्या मते या गाडीतले हे सगळ्यात महत्त्वाचे तीन मिलीमीटर.

इथे एक गोष्ट ठामपणे लिहितो. बरेच जण आधी इंजिन आणतात, मग चौकट, मग टायर, आणि शेवटी पॅसेंजर शोधतात. उलटं करा. पॅसेंजर कोण ते आधी ठरवा, त्याला पहिल्या दिवसापासून शेडमध्ये बोलवा, आणि त्याच्या अंगाने गाडी बांधा. आमच्या पॅसेंजरने पहिल्या महिन्यात विचारलं होतं, “माझा डावा खांदा जरा आखडतो, चालेल का?” त्या एका प्रश्नावरून पाटाची मागची कड चार सेंटीमीटर खाली घेतली.

चाकांची जुळणी त्यामानाने सोपी, पण तिला चिकाटी लागते. रेस दिली, म्हणजे वेग वाढवला, की खुर्ची मागे ओढते आणि गाडी डावीकडे जाते. ब्रेक मारला की खुर्ची पुढे पळू पाहते आणि गाडी उजवीकडे ढकलली जाते. ब्रेकसाठी उपाय म्हणजे एकाच पेडलवर तिन्ही चाकं, आणि खुर्चीच्या चाकाला किती दाब जायचा ते वेगळं ठरवायचं. वेग वाढवतानाच्या ओढीसाठी उपाय म्हणजे खुर्चीचं चाक पुढून किंचित आत वळवणं, टो-इन. अडीच मीटरच्या दोन सरळ अॅल्युमिनियम पट्ट्या घ्यायच्या, एक मोटरसायकलच्या चाकांना चिकटवून, एक खुर्चीच्या चाकाला. पुढचं अंतर आणि मागचं अंतर मोजायचं, फरक म्हणजे टो-इन. आम्ही १८ मिलीमीटरने सुरुवात केली.

तेवढं घेऊन लीस्टरशरमधल्या मॅलरी पार्कला टेस्टिंगला गेलो. १.३५ मैलांचा छोटा ट्रॅक, आणि बहुतेक वेळ गाडी उजवीकडेच वळत राहते. पहिल्या चार फेऱ्यांनंतर ड्रायव्हर म्हणाला, सरळ छान जाते, पण जड वाटते. मी खुर्चीच्या टायरवर तळहात फिरवला. बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत, आतून बाहेर फिरवला तर कानशीसारखा. रबर आडवं घासत होतं. उष्णता मोजली तर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा २० अंशांनी जास्त. उजवी वळणं असली की खुर्चीच्या टायरची बाहेरची कड तापणारच, त्यामुळे नुसत्या उष्णतेवरून मी निर्णय घेतला नसता. पण हाताला लागलेली ती कानस स्पष्ट होती. १८ चे १५ केले, मग १२. बाराला गाडी सरळ जात होती आणि टायर दोन्ही बाजूंनी सारखा लागत होता. दहाला ड्रायव्हरला हँडल सतत उजवीकडे धरावं लागलं, म्हणून परत १२.

दुपारी खरी अडचण आली. गेरार्ड्स हे मॅलरीचं पहिलं वळण, लांबच लांब उजवं, संपता संपत नाही. तिथे तेलाच्या दाबाची रेघ लॉगरवर, म्हणजे नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर, चार बारवरून एकच्या खाली जात होती. प्रत्येक फेरीला, त्याच जागी. कारण कळायला वेळ लागला नाही. हे इंजिन कलणाऱ्या मोटरसायकलसाठी बनवलेलं. मोटरसायकल वळणात कलते, तेल इंजिनाखालच्या चेंबरच्या तळाशीच राहतं. आमची गाडी कलत नाही, त्यामुळे सगळं तेल डाव्या भिंतीवर चढतं आणि शोषणारी नळी हवा ओढते. लहान वळणात ते क्षणभर होतं, निभावून जातं. गेरार्ड्समध्ये ते इतका वेळ टिकतं की बेअरिंगांवर कोरडं येतं. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या घातल्या होत्या, पण उथळ. मी लगेच टेस्टिंग थांबवलं. घरी उघडून पाहिलं तर बिग-एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगच्या, दोन शेल्सवर नखाला लागतील अशा रेघा. आणखी चार-पाच फेऱ्या मारल्या असत्या तर कनेक्टिंग रॉडच बाहेर आला असता.

नवा चेंबर काकांनी आणि मी मिळून केला. शोषणाऱ्या नळीभोवती चारी बाजूंनी भिंती, आणि प्रत्येक भिंतीत बिजागरीचं छोटं दार, जे फक्त आत उघडतं. तेल आत येऊ शकतं, बाहेर जाऊ शकत नाही. गावाकडे विहिरीच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हला असतं तेच तत्त्व. हीच गोष्ट पेट्रोलला; टाकी खुर्चीच्या पाटाखाली असते, म्हणून तिच्यातून आधी एका छोट्या उभ्या डब्यात पेट्रोल भरायचं आणि इंजिनाचा पंप त्या डब्यातून ओढायचा. ते मात्र आम्ही पहिल्यापासून बरोबर केलं होतं.

दुसऱ्यांदा मॅलरीला गेलो तेव्हा गेरार्ड्समध्ये दाबाची रेघ साडेतीनच्या खाली आली नाही. त्या दिवशी पॅसेंजरने मला वेगळंच काहीतरी दाखवलं. शॉज हेअरपिन अगदी हळू उजवं वळण, चढाच्या माथ्यावर. तिथे ती मागच्या चाकावर असते, सगळं वजन उजवीकडे. हेअरपिन सुटलं की लगेच उतार आणि डेव्हिल्स एल्बो हे डावं वळण. तेवढ्या वेळात तिला पूर्ण गाडी ओलांडून बाहेर लोंबायचं असतं, म्हणजे भिंतीवरच्या ६० पासून १२८ पर्यंत. ती म्हणाली, “तिथे मला अर्धा क्षण कमी पडतो. चाक उचलतं, मग मी पोचते.” ड्रायव्हरला ते जाणवलंही नव्हतं. तिला तळहातात जाणवलं होतं.

रविवारी काट्यांवर गाडी घेतली ती याचसाठी. आकडे लिहून झाल्यावर तिला परत त्याच तीन स्थितींत बसवलं, आणि या वेळी मी काट्यांऐवजी तिच्या उजव्या हाताकडे बघत राहिलो. मधली पकड सोडताना तिचं मनगट उलटं वळतं. पकड आडवी आहे म्हणून. तिरकी केली, साधारण ३० अंश, डावं टोक मागे, तर मनगट न वळता हात सुटेल.

या शनिवारी ती नळी कापायची. काकांना सांगून ठेवलंय, आधी लाकडी दांडका लावून तीन वेळा बघू, मग कापू. आबांनाही फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: “टाका मारून ठेव. तिनं धरून बघितल्याबिगर झाळ भरू नको.”